रावेरची केळी दिल्लीला गेली, धूर कोणाच्या वहीत लिहायचा?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावद्याहून केळीची गाडी दिल्लीच्या आझादपूर बाजाराला निघाली की बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) वजन, भाडे आणि गाडी नंबर लिहिला जातो. त्या मालासोबत किती कार्बन गेला ते कुठेच लिहिलेले नसते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल गेल्याने देशाचा एकूण धूर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि हवा तापवणारे इतर वायू, वाढतो की कमी होतो, याचे उत्तर मात्र अशाच हजारो बिल्ट्यांमध्ये दडलेले आहे. केळीचा ग्रुप, शेतकरी उत्पादक कंपनी, जिनिंग, दालमिल किंवा तालुक्याचा आराखडा करणारे कोणीही हा हिशेब मांडू शकते. त्यासाठी एक वही, एका हंगामाच्या काटापावत्या, वीजबिले, खताची बिले आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी दोन वह्या करा

पहिली वही पिकवणाऱ्याची. जिल्ह्याच्या हद्दीत जो धूर निघाला तो सगळा तिच्यात येतो, माल कोणीही खावो. दुसरी वही खाणाऱ्याची. जिल्ह्यातल्या लोकांनी जे वापरले त्यामागचा धूर तिच्यात येतो, तो कुठेही निघालेला असो. दोन्हींना जोडणारे सूत्र असे:

जिल्ह्यात निघालेला धूर − बाहेर गेलेल्या मालातला धूर + बाहेरून आलेल्या मालातला धूर = जिल्ह्याने खाल्लेला धूर.

भुसावळजवळचे दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र पाहिले की हा फरक लगेच कळतो. तिथला ५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर १ कोटी २० लाख युनिट तयार होतात. कोळशाच्या एका युनिटमागे सुमारे ०.९५ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर हे एका दिवसात ११,४०० टन होतात. हा सगळा आकडा जळगाव जिल्ह्याच्या पहिल्या वहीत जातो. वीज मात्र पुण्या-मुंबईचे एसी आणि कारखानेही वापरतात, म्हणून दुसऱ्या वहीत जळगावकरांनी वापरलेल्या युनिटांपुरताच भाग येतो. पहिल्या वहीत दीपनगर धरून वर गावातल्या पंपांची वीजही मिळवली, तर तोच धूर दोनदा मोजला जातो. जिल्हा आराखड्यांत सर्वात जास्त दिसणारी चूक हीच.

विजेबाबत आणखी एक गोष्ट. आमच्या पंपाला दीपनगरची वीज येते किंवा साक्रीच्या सौर प्रकल्पाची येते, असे म्हणता येत नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे जोडले गेले आणि सगळ्या देशाची ग्रीड एक झाली. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करते तो देशाचा सरासरी आकडाच वापरावा. गेली काही वर्षे तो युनिटमागे ०.७१ ते ०.७३ किलोच्या आसपास आहे. खाली सगळीकडे ०.७२ धरला आहे.

धुळ्याहून आग्रा रोडने जाणाऱ्या गाड्यांचे काय? त्या इथे भरत नाहीत, इथे उतरतही नाहीत. हद्दीत त्यांनी जाळलेले डिझेल पहिल्या वहीत येते, दुसऱ्या वहीत त्यांचा संबंध नाही. पंपावर विकलेल्या डिझेलवरून मात्र अंदाज बांधू नका. ड्रायव्हर टाकी भरतो ती जिथे स्वस्त तिथे. नवापूरच्या अलीकडे आणि पलीकडे दरात फरक असला की अख्ख्या मार्गाचे डिझेल एकाच तालुक्याच्या नावावर पडते.

शेतापासून सुरुवात करा, गाडीपासून नाही

बहुतेक जण थेट ट्रकच्या किलोमीटरवर उडी घेतात. केळीत तरी मोठा आकडा शेतातच असतो. एका एकराचा हिशेब मांडू: १,४५० झाडे, २५ टन माल.

*खत.* झाडाला २०० ग्रॅम नत्र या मात्रेने एकरी २९० किलो नत्र होते. त्यातला काही भाग जमिनीतून नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या ढोबळ नियमाने दिलेल्या नत्रापैकी १ टक्का नत्र या वायूत जाते. १ किलो नत्रातून ०.०१५७ किलो वायू निघतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा आहे. म्हणजे दर किलो नत्रामागे ४.२९ किलो. २९० किलोचे झाले १,२४४ किलो.

नत्र सगळे युरियातून दिले तर ६३० किलो युरिया लागतो, म्हणजे ४५ किलोच्या १४ गोण्या. युरियात कार्बन असतोच. तो जमिनीत मोकळा होतो, दर किलो युरियामागे ०.७३३ किलो. याचे ४६२ किलो. दोन्ही मिळून १,७०६ किलो. २५,००० किलो केळीवर वाटले तर किलोमागे ६८ ग्रॅम. कारखान्यात युरिया बनवतानाचा धूर यात नाही. तो ज्या जिल्ह्यात कारखाना आहे त्याच्या पहिल्या वहीत आणि शेवटी केळी खाणाऱ्याच्या दुसऱ्या वहीत जातो.

*पाणी.* ठिबकवर वर्षभरात १,२०० मिमी धरा. एकरी ४,८५६ घनमीटर. पाणी ६० मीटरवरून उचलायचे आणि पंप, मोटर, पाइप मिळून कार्यक्षमता ४० टक्के, असे धरले तर घनमीटरला ०.४१ युनिट लागते. एकूण सुमारे १,९९० युनिट, ०.७२ ने १,४३३ किलो, म्हणजे किलो केळीमागे ५७ ग्रॅम. शेतीपंपाला मीटर असेल तर हा सगळा खटाटोप सोडा, रीडिंग घ्या. मीटर नसेल तर बिलावरचा एचपी गुणिले तास असा हिशेब करू नका. ५ एचपीची रिवाइंड केलेली मोटर पाटीवर लिहिल्यापेक्षा जास्त वीज खाते आणि बिलावरचे तास कोणी मोजलेले नसतात. क्लॅम्प मीटरने एकदा करंट पाहा आणि स्टार्टरजवळ तासांची नोंद १५ दिवस ठेवा. पंप सौर असेल तर हा रकाना शून्य लिहा.

खत आणि पाणी मिळून किलोला १२५ ग्रॅम झाले. नांगरट, मल्चिंग, ठिबकच्या नळ्या, घडाला घालायच्या स्कर्टिंग बॅगा यांचे आकडे याच पद्धतीने वाढवत न्यावेत. पहिल्या वर्षी हे दोनच नीट लावले तरी पुरे.

वजनाची एक फसगत लक्षात ठेवा. शेतातले उत्पादन घडाच्या वजनाने सांगितले जाते, तर फण्या करून क्रेटमध्ये भरलेल्या मालात दांडा नसतो. दांडा घडाच्या ८ ते १० टक्के भरतो. भागाकार करताना वर एक वजन आणि खाली दुसरे आले तर गाडीचा सगळा हिशेब तिरका जातो.

गाडी: पासिंगचे (आरटीओने मंजूर केलेले) वजन नव्हे, काट्यावरचे

ताज्या फळांना जीएसटी नाही, त्यामुळे ई-वे बिलही (माल नेतानाची ऑनलाइन नोंद) लागत नाही. केळीसाठी काटापावती आणि बिल्टी हाच पुरावा. रुईच्या गाठी किंवा सळई असेल तर ई-वे बिल मिळते, पण त्यावरचे अंतर पिनकोड ते पिनकोड असते. खरे अंतर ओडोमीटरवरून घ्या. फास्टॅगच्या टोलनोंदींवरून गाडी नेमकी कोणत्या रस्त्याने गेली तेही पडताळता येते.

रावेरहून बऱ्हाणपूर-इंदूरमार्गे दिल्ली १,१०० किमी, काट्यावर १५ टन, भरलेल्या गाडीचे ॲव्हरेज ४ धरा. डिझेल २७५ लिटर. लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणून ७३७ किलो. किलो केळीमागे ४९ ग्रॅम.

आता परतीचा प्रश्न. गाडी खाली (रिकामी) आली आणि ॲव्हरेज ५.५ पडले तर आणखी २०० लिटर, ५३६ किलो. ते केळीच्याच डोक्यावर, कारण केळी नसती तर गाडी गेलीच नसती. एकूण ८५ ग्रॅम. दिल्लीकडून बटाटा, मार्बल किंवा हौजिअरी भरून आणली तर परतीचा भार त्या मालावर. म्हणजे एका रिटर्न भाड्याने किलोमागे ३६ ग्रॅम कमी होतात. केळी कुठे विकावी यापेक्षा गाडी परत कशी येते हे आधी विचारा. ट्रान्सपोर्टवाला आधीच्या बिल्टीची प्रत देत असेल तरच परतीचे भाडे धरा, नुसते तोंडी सांगणे वहीत लिहू नका.

तेल खणून, शुद्ध करून पंपापर्यंत आणतानाचा धूरही मोजायचा असेल तर २.६८ ऐवजी सुमारे ३.२ घ्या. मात्र सगळीकडे तोच आकडा घ्या, एका रकान्यात एक आणि दुसऱ्यात दुसरा नको.

रेल्वे जिंकते, पण उभी राहिली तर हरते

७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर पहिली किसान रेल धावली. त्यानंतर सावदा-रावेरहून दिल्लीच्या आदर्शनगर स्थानकाला केळीच्या गाड्या गेल्या. आझादपूर बाजार तिथून लगतच आहे. विजेच्या इंजिनाला टन-किमीमागे २० ग्रॅम धरू. हा मुद्दाम जड बाजूने घेतला आहे, रिकामे डबे परत येतात तेही त्यात यावेत म्हणून. १,१०० किमीला किलोमागे २२ ग्रॅम. बागेपासून स्थानकापर्यंतच्या छोट्या गाडीचे ५ आणि दिल्लीतल्या टोकाचे ३ मिळवले की ३०.

आता नासाडी घाला. इथेच बहुतेक हिशेब चुकतात. सडलेल्या केळीचा धूर विकल्या गेलेल्या केळीवर चढतो, म्हणून एकूण आकड्याला पोचलेल्या वजनाने भागायचे, भरलेल्या वजनाने नाही.

ट्रक, परत खाली, नासाडी ४ टक्के: (१२५ + ८५) ÷ ०.९६ = २१९ ग्रॅम.
ट्रक, परतीला भाडे, नासाडी ४ टक्के: (१२५ + ४९) ÷ ०.९६ = १८१ ग्रॅम.
रेल्वे, नासाडी ४ टक्के: (१२५ + ३०) ÷ ०.९६ = १६१ ग्रॅम.

रेल्वे स्वस्त पडली खरी. पण मे महिन्यात डबे यार्डात दीड दिवस तापत पडले आणि नासाडी १४ टक्क्यांवर गेली, तर रेल्वेचा आकडाही १८० होतो आणि भरून परतणाऱ्या ट्रकची बरोबरी होते. खाली परतणाऱ्या ट्रकशी बरोबरी व्हायला नासाडी २९ टक्के व्हावी लागेल. म्हणून रेल्वे निवडताना भाड्याइतकीच चौकशी गाडी सुटण्याच्या आणि पोचण्याच्या वेळेची करा. पार्सल डबा २३ टनांचा असतो. तो भरेल इतका माल एकाच दिवशी कापून स्थानकावर आणता येत नसेल, तर १४ टन भरून २३ टनांचे भाडे भरण्यात अर्थ नाही. इंजिन डबा ओढतेच, मग तो भरलेला असो की अर्धा.

शीतगाडीचे थोडक्यात. थंड ठेवणारे यंत्र तासाला अडीच लिटर डिझेल घेते असे धरले तर ३० तासांचे ७५ लिटर, किलोमागे १३ ग्रॅम. नासाडी १० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आली तर हे साधारण वसूल होते. तापमान १३ ते १४ अंश ठेवा. त्याखाली केळीची साल करडी पडते, पिकवल्यावरही रंग येत नाही आणि अख्खी गाडी नासाडीच्या रकान्यात जाते. गॅसगळतीचा रकाना वेगळा ठेवा. आर-४०४ए हा वायू १ किलो गळला तर सुमारे ३.९ टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो, म्हणजे दिल्लीच्या तीन फेऱ्यांच्या डिझेलपेक्षा जास्त. मेकॅनिकने वर्षभरात किती किलो गॅस भरला ते बिल मागा. जेवढा भरला तेवढा गळला होता.

केळी पिकताना स्वतः कार्बन डायऑक्साइड सोडते. पिकवण केंद्रात तो साचू नये म्हणून हवा खेळती ठेवावी लागते. वहीत मात्र तो धरायचा नाही. झाडाने हवेतूनच घेतलेला तो परत हवेत जातो.

एका पोत्यातून दोन माल निघतात तेव्हा

कापूस आणि डाळ यांत वाटणीचा पेच येतो. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. १७० किलोची गाठ तमिळनाडूला जाते, सरकी इथल्या किंवा गुजरातच्या तेलगिरणीला. शेतातला आणि जिनिंगचा धूर कोणावर टाकायचा? वजनाने वाटला तर रुईवर जेमतेम ३५ टक्के पडतो. भावाने वाटला आणि उदाहरणापुरते रुई १५० रुपये, सरकी ३२ रुपये किलो धरली, तर रुईवर ७१ टक्के. तमिळनाडूच्या नावावर जाणारा धूर दुप्पट होतो. आमचे मत भावाच्या बाजूने आहे, कारण शेतकरी कापूस लावतो तो रुईच्या भावाकडे बघून. पण एक पद्धत निवडली की सगळ्या हंगामांना तीच ठेवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

जळगावच्या दालमिलांना हाच नियम. तूर कर्नाटकातून किंवा लातूरकडून येते. क्विंटलमागे ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकीची चुनी आणि टरफल. चुनी जनावरांना जाते, तिलाही किंमत आहे, म्हणून तिच्या वाट्याचा धूर डाळीवर लादू नका.

येणारी गाडी विसरू नका

खान्देशातून जाणारा माल सगळ्यांना दिसतो. येणारा सिमेंट, सळई, युरिया यांचा आकडा त्याहून जड असू शकतो. सळईचेच बघा. भट्टीत कोळसा आणि लोहखनिजापासून बनलेल्या पोलादामागे भारतात टनाला सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो. भिलाईकडून जळगावला ७०० किमी आणायला टनाला ३० ते ५५ किलो लागतात, म्हणजे मूळ धुराच्या सव्वा ते सव्वादोन टक्के. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्या विजेवर चालतात आणि भंगार वितळवतात. भंगाराचे प्रमाण जास्त असेल तर टनाचा आकडा बराच खाली येतो. म्हणून पुरवठादाराला अंतर विचारण्याआधी भट्टी कोणती आणि त्यात भंगार किती टक्के, हे विचारा. स्पंज आयर्न (कोळशावर बनवलेले कच्चे लोखंड) जास्त असेल तर जवळचीही सळई धुराला भारी पडते.

व्यापाराने धूर वाढला की घटला?

हे एका फेरीवरून ठरत नाही. दोन वर्षे समोरासमोर ठेवा, आधीचे आणि नंतरचे, आणि तीन प्रश्न वेगवेगळे विचारा. माल किती वाढला? माल कुठल्या भागात पिकायला लागला? पिकवायची रीत बदलली का? दिल्लीची मागणी आली म्हणून ठिबक, टिश्यू कल्चरची रोपे आली, एकरी उत्पादन वाढले आणि किलोमागचा धूर उतरला, हा तिसऱ्याचा परिणाम. पण एकूण टन दुप्पट झाले तर किलोमागे घट होऊनही जिल्ह्याचा आकडा चढलेलाच दिसेल. म्हणून किलोमागचा आणि एकूण, दोन्ही आकडे शेजारी लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर यावल-रावेर पट्ट्यात रस्त्यावर दिसत नाही, बोअरमध्ये दिसते. भाव चांगला, गाड्या रोज मिळतात, म्हणून केळीचे क्षेत्र वाढते आणि पाणी खाली जाते. वर ६० मीटर धरले होते. ते १०० मीटर झाले तर तेवढ्याच पाण्याला वीज दीड पटीपेक्षा जास्त लागते आणि किलोमागचे ५७ ग्रॅम ९५ होतात. ३८ ग्रॅम वाढले, रिटर्न भाडे मिळवून वाचवलेले सगळे गेले आणि वर दोन ग्रॅम चढले. म्हणून वहीत दर मे महिन्यात बोअरची पाणीपातळी लिहायचा रकाना ठेवा, गाडीच्या रकान्याइतकाच ठळक.

तुलना करताना समोर पर्याय कोणता ठेवता तेही लिहा. दिल्लीकराने खान्देशची केळी घेतली नाही तर तो काय खाणार? आंध्रची केळी घेतली तर अंतर वाढते. उत्तर प्रदेशातली घेतली तर अंतर घटते, पण तिथे एकरी उत्पादन आणि पाणी किती ते काढावे लागेल. पर्याय न लिहिता व्यापाराने इतका धूर झाला असे म्हटले, तर तो आकडा कशाशी ताडायचा ते कळत नाही.

वही मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीची लावण) वेगळी आणि कांदेबागेची (पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतरची लावण) वेगळी ठेवा. लावणीचा हंगाम बदलला की पाणी, नासाडी आणि कटाईचा महिना तिन्ही बदलतात. काटापावत्यांचे फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई सहा महिन्यांत उडते.